गुलाब कंडक्टरची शतावरी

साकोलीहून लाखांदूरला जाणाऱ्या गाडीत घंटीचा दोर एकदा ओढला की गाडी थांबते, दोनदा ओढला की निघते, आणि गुलाब खोब्रागडे नुसती ओरडली तरी दोन्ही होतं, असं ड्रायव्हर टेकचंद म्हणायचा. आवाजच तसा होता बाईचा. नवरा एसटीतच कंडक्टर होता. तो गेल्यावर त्याच्या जागी ती लागली, तेव्हा धम्मदीप शाळेत जायचा. आता धम्मदीपचं लग्न झालं, मनाली सून म्हणून घरात आली, आणि गुलाबबाई पन्नाशीला टेकली. तिची गाडी सानगडीवरून, दिघोरीवरून जायची. वाटेतल्या कोणत्या गावची बाई माहेराहून परत चालली आहे आणि कोणती भांडून निघाली आहे, हे ती चेहऱ्यावरून सांगायची. बायकांचं तिकीट अर्ध्यावर आल्यापासून तर गाडी बायकांनीच भरायची, आणि गुलाबबाईला भरलेली गाडी फार आवडायची.

पण त्या हिवाळ्यात तिचं काहीतरी बिनसलं.

मानेपासून सुरू व्हायचं. कोणी गरम राखेचा हात फिरवावा तसं काहीतरी वर चढायचं, कानाच्या पाळ्या पेटायच्या, आणि बघता बघता खाकी शर्ट पाठीला चिकटायचा. बाहेर माघाची थंडी, लोक मफलरात नाक खुपसून बसलेले, आणि गुलाबबाई मात्र एकेक खिडकी सरकवत चाललेली.

"बाई, लेकरू कुडकुडून राह्यलं ना! लावा ना खिडकी!"

"कुडकुडते तं पोटाशी धर! मले जीव नाई का?"

असं ती कोणाला कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिलाच रडू यायचं, आणि भरल्या गाडीत रडता येत नाही म्हणून आणखी राग यायचा. झोप उडाली होती. पाळी दोन-दोन महिने गायब व्हायची आणि आली की घर धुऊन काढल्यासारखी यायची. घरी मनालीने भाजीत मीठ कमी घातलं, एवढ्यावरून एकदा ताट सरकवून ती अंगणात जाऊन बसली. मनाली दारात उभी राहून नुसती बघत राहिली. आपल्याला भूतबाधा झाली की डोकं फिरलं, हे गुलाबबाईला कळेना, आणि विचारावं कोणाला तेही कळेना.

एका सकाळी सानगडीच्या पुढे गाडी धरणाच्या नहराजवळ आली. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, लाखोरीचं पीक दाटलेलं, नहराला उन्हाळी धानासाठी पाणी सुटलेलं. गुलाबबाईच्या मानेवरून तो निखारा वर चढला. बोटं घामाने अशी ओली झाली, की तिकिटाचं मशीन सटकून एका म्हाताऱ्याच्या मांडीवर पडलं. तिने दोर ओढला. गाडी थांबली. ती खाली उतरली, नहराच्या पायऱ्या उतरून गेली आणि ओंजळीने डोक्यावर पाणी ओतायला लागली. थंडगार पाणी. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. केस भिजले, शर्ट भिजला, तरी थांबेना.

टेकचंद स्टिअरिंग सोडून धावला. "ताई! अवो ताई! काय करून राह्यल्या? जीव द्यायचा आहे का?"

त्याच्या मागून पार्वताबाई उतरली. सानगडीची म्हातारी, रोज वांग्यांची टोपली घेऊन लाखांदूरच्या बाजारात जाणारी. तिने टेकचंदला बाजूला सारलं, गुलाबबाईच्या दंडाला धरलं, तिच्या कपाळाला हात लावला, आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोणी घाबरू नका! काई झालं नाई हिले. हिची पाळी जाऊन राह्यली! मले बी असंच झालं होतं, मी तं धानाच्या बांधीत लोळली होती!"

टेकचंदने मान खाली घातली आणि गाडीच्या टायरकडे असं बघायला लागला जसं ते आत्ताच पंक्चर झालं. पुढच्या बाकांवरची माणसं एकदम खिडकीबाहेरची लाखोरी न्याहाळू लागली. गुलाबबाईला वाटलं, नहर खोल असता तर बरं झालं असतं.

आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं.

"पार्वताबाई, तुम्ही बांधीत लोळल्या, मी तं फ्रीजचं दार उघडून उभी राह्यते बाप्पा! नवरा म्हणते, लाइटचं बिल तुह्या बापाकडे धाडू का?"

"अन् माह्ये गुडघे? उठाबसाले भिंत लागते!"

"रडू येते का वं कोणाले? उगीचच? मले टीव्हीवरची जाहिरात पाहून बी येते!"

गाडीत एकच गलका उडाला. ज्या बायका वर्षानुवर्षं एकमेकींच्या शेजारी बसून फक्त भाव आणि पाऊसपाणी बोलल्या, त्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ओल्या केसांची गुलाबबाई पायरीवर उभी राहून ऐकत होती. म्हणजे भूतबाधा नाही! म्हणजे डोकं फिरलं नाही! म्हणजे ही सगळी गाडीच आपल्यासारखी! तिला इतकं हसू आलं की दोनदा दोर ओढायचं सोडून ती चार-पाचदा ओढून बसली, आणि टेकचंदला कळेना की जायचं की थांबायचं.

चंद्रकांता मॅडम त्याच गाडीत होत्या. दिघोरीच्या शाळेवर शिकवायला जाणाऱ्या. उतरताना त्या हळूच म्हणाल्या, "गुलाबताई, सानगडीत डॉक्टर रिता कापगते बसतात. आयुर्वेदाच्या आहेत. मला फार गुण आला. जाऊन या, पण लपून-छपून नको, सगळं सांगा त्यांना."

सुटीच्या दिवशी गुलाबबाई गेली. तिला वाटलं होतं, जाऊ, नाडी दाखवू, पुडी घेऊ, येऊ. डॉक्टर रितांनी नाडी धरली, जीभ बघितली, आणि मग इतकं विचारलं, इतकं विचारलं, की गुलाबबाई मनात म्हणाली, ही तर आपल्यापेक्षा पक्की तिकीट तपासते. कधी जेवता? सकाळी काही खाता का? चहा किती होतो? ठेचा, लोणचं? लघवी दाबून धरता का? गुलाबबाईने खरं सांगितलं: चहा प्रत्येक स्टँडवर, जेवण मिळेल तेव्हा, ठेच्याशिवाय घास उतरत नाही, आणि लघवीचं विचारू नका, गाडीवरच्या बाईला कुठे जागा आहे?

"आधी भंडाऱ्याला जाऊन सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी करून या," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे? तुमच्या आयुर्वेदात बी मशीन लागते का?"

"रक्त एवढं जातंय ताई. ते कशामुळे जातंय हे बघितल्याशिवाय मी औषध देणार नाही."

तपासणीत घाबरण्यासारखं काही निघालं नाही, फक्त रक्त फार कमी झालेलं. त्यावर लोहाच्या गोळ्या आधी सुरू केल्या. मग डॉक्टर रितांनी खुर्ची जवळ ओढली.

"गुलाबताई, स्टँडवर तुमची गाडी लागते. उतरणारे उतरलेले नसतात आणि चढणारे त्याच दारातून घुसतात. काय होतं?"

"धक्काबुक्की! शिव्याशाप! कोणाची चप्पल तुटते, कोणाचं लेकरू रडते!"

"तेच चाललंय तुमच्या अंगात. तरुणपण पित्ताचं, उतारवय वाताचं, असं आमच्या शास्त्रात म्हणतात. पित्त अजून उतरलेलं नाही आणि वात चढायला लागला आहे. एक आग करतं, दुसरा झोप उडवतो. हा रोग नाही. पण धक्काबुक्की कमी करता येते. एका दिवसात नाही हं, हळूहळू."

गुलाबबाईने टाळी वाजवली! दवाखान्यात बसून टाळी! आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिच्या अंगाची गोष्ट तिच्या भाषेत सांगितली होती.

मग ठरलं. सकाळी चहाच्या आधी रात्री भिजवलेल्या धन्यांचं पाणी. चहा सकाळी एक आणि दुपारी एक, बस. डबा वेळेवर उघडायचा, मग टेकचंद कितीही घाई करो. ठेचा बंद, त्याच्या जागी जवसाची आणि तिळाची चटणी. दुधात शतावरीचं चूर्ण. आंघोळीआधी अंगाला तिळाचं तेल, आणि झोपायच्या आधी तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं.

ठेचा बंद म्हटल्यावर गुलाबबाईचा चेहरा पडला. "मॅडम, पित्त राहू द्या, ठेचा द्या." डॉक्टर हसल्या, पण हलल्या नाहीत.

तळपाय कोणाकडून घासून घ्यावे? स्वतःचे घासायला वाकलं की कंबर बोलायची. सुनेला कसं सांगावं? आधी रागाने ताट सरकवलेलं, आता पाय पुढे करायचे? ती दोन दिवस वाटी उशाशी ठेवून झोपली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मनालीच उशाशी वाटी बघून काय ते ओळखून ती घेऊन पायाशी बसली.

"राहू दे वं पोरी."

"कायले राहू दे? पाय इकडे करा, आई."

काशाची वाटी तळव्यावर फिरायला लागली. गोल, गोल. तूप काळं पडत गेलं. मनाली खुदकन हसली, "आई, हे पहा, सगळा राग निघून राह्यला." गुलाबबाईही हसली. मग तिने सगळं सांगितलं, नहराचं, गाडीतलं, घामाचं, रडू येण्याचं. मनाली ऐकता ऐकता म्हणाली, "तुमी सांगितलं असतं तं मी समजली असती. मले वाटे, मीच तुमाले आवडत नाई." त्यावर गुलाबबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

फरक लगेच पडला नाही. पहिले काही आठवडे तर ती रोज म्हणायची, काय भुसा प्यायला लावला मॅडमने. पण उन्हाळा लागता लागता एका सकाळी ती उठली तेव्हा अंगणात ऊन आलेलं होतं. ऊन! म्हणजे रात्री एकदाही उठली नव्हती. ती पांघरुणातच उठून बसली आणि ओरडली, "मनाली! मी झोपली वं! अख्खी रात झोपली!" धम्मदीप दचकून बाहेर आला, त्याला वाटलं साप निघाला.

त्या दिवशी गाडीत तिच्या आवाजाला परत धार आली. निखारा अजून चढायचा, पण आता तो यायच्या आधीच ती ओळखायची, दारापाशी वाऱ्यावर उभी राहायची, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे जीभ गोल करून थंड श्वास ओढायची. पोट्टे हसायचे. हसू दे.

आणि आपल्याला गुण आला म्हटल्यावर गुलाबबाई गप्प बसणार होती थोडीच! तिने शतावरीचा मोठा डबा आणला, कागदाच्या पुड्या बांधल्या आणि गाडीत वाटायला सुरुवात केली. घे, तू बी घे. दुधात टाक. तुले गुडघे? घे. तुले झोप नाई? घे. कोणी पुडीच्या बदल्यात वांगी देई, कोणी नुसता आशीर्वाद. दिघोरीची कुंताबाई शेतमजुरीला जाणारी, साठीच्या जवळची, घाबरत घाबरत म्हणाली, "बाई, माह्यी तं जाऊन लय वर्सं झाली. अन् आता परत उलसक उलसक, थेंब थेंब रक्त जाऊन राह्यलं." गुलाबबाईने तिलाही पुडी दिली. "घे वं, चिंता नको करू. अंगात गरमी असंल."

पुढच्या भेटीत ती डॉक्टर रितांना मोठ्या कौतुकाने सांगायला लागली, किती बायकांना दिली, कोण काय म्हणाली. डॉक्टर ऐकत होत्या. कुंताबाईचं नाव आलं आणि त्यांच्या हातातला पेन थांबला.

"पाळी जाऊन किती वर्षं झाली तिची?"

"लय झाली म्हणे."

"आणि आता रक्त जातंय? आणि तुम्ही पुडी दिलीत?" त्या उभ्याच राहिल्या. "गुलाबताई, पाळी पूर्ण गेल्यानंतर पुन्हा थेंबभर जरी रक्त गेलं, तरी ते माझ्याकडेसुद्धा आणायचं नाही, थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं! ती गाठ असू शकते, कॅन्सर असू शकतो. तुमचं औषध तुमच्या तपासण्या बघून दिलंय. ते प्रसाद म्हणून वाटायचं नसतं!"

गुलाबबाईने पिशवी उचलली आणि निघाली. घरी नाही, दिघोरीला. समोरून तिच्याच डेपोची गाडी आली, तीत चढली. "दादा, जरा दाबा ना गाडी!" असं आयुष्यात पहिल्यांदा प्रवासी म्हणून ओरडली. कुंताबाई घरी नव्हती. रोवणीला, धान लावायला गेली होती. कोणाच्या शेतात? शेजारणीने बोट दाखवलं. गुलाबबाई चप्पल हातात घेऊन बांधावरून पळत सुटली, एकदा घसरून गुडघ्यापर्यंत चिखलात गेली, उठली, परत पळाली. रोवणीच्या ओळीत वाकलेल्या बायकांनी माना वर केल्या.

"कुंताबाई! पुडी फेक! चाल माह्यासंगं!"

"काहून? कोठी?"

"भंडाऱ्याले! आत्ताच्या आत्ता!"

धम्मदीपने कोणाची तरी जीप आणली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तपासणी झाली, तुकडा काढून नागपूरला पाठवला. उत्तर येईपर्यंत गुलाबबाईच्या घशाखाली घास उतरला नाही. ठेचा समोर असता तरी तिने बघितला नसता. कुंताबाईच तिला धीर द्यायची, "तू काहून एवढी सुकून राह्यली? जे असंल ते असंल." शेवटी उत्तर आलं: साधी गाठ. काढून टाकली की झालं. फोनवर ते ऐकलं तेव्हा गुलाबबाई लाखांदूरच्या स्टँडवर होती. तिने सगळ्यांसमोर टेकचंदच्या पाठीत अशी थाप मारली, की त्याच्या हातातला चहा सांडला.

कुंताबाई बरी होऊन घरी आल्यावर गुलाबबाई डॉक्टर रितांपुढे जाऊन बसली. "मॅडम, मी चुकली. पण माह्यं तोंड तं बंद राह्यत नाई. तं मंग असं करा, मी पुड्या नाई वाटत, बाया आणते. सगळ्या. तुमी सांगा, तुमी तपासा."

डॉक्टर साशंक होत्या. यापूर्वी त्यांनी एकदा शिबिर ठेवलं होतं, तेव्हा पाच-सहा बायका आल्या आणि त्याही डोकेदुखीचं औषध घेऊन गेल्या. "या विषयावर कोण येणार ताई? गावात या शब्दाचा उच्चार तरी करतात का?"

"माह्या गाडीत करतात," गुलाबबाई म्हणाली.

पोळा झाला, निंदण आटोपलं, धान पोटरीला आलं. आठवडाभर गाडीत तिकिटासोबत एकच घोषणा: "रविवारी सानगडी! पाळी जाऊन राह्यली तिनं या, गेली तिनं या, जाणार तिनं बी या!" माणसं ओशाळून खाली बघायची. एक कॉलेजातली पोरगी म्हणाली, "काकू, मी आईले पाठवते."

रविवारी सकाळी गुलाबबाई सानगडीच्या समाजमंदिरात सतरंज्या टाकत होती आणि सारखी रस्त्याकडे बघत होती. नाही आल्या तर? आणि मग पहिली गाडी आली. दार उघडलं आणि बायका उतरतच राहिल्या. पार्वताबाई पुढे, तिच्या मागे साऱ्या बाजारवाल्या. दिघोरीहून ट्रॅक्टर भरून आला, ट्रॉलीत मधोमध कुंताबाई, लग्नाला आल्यासारखी नवं लुगडं नेसून. चंद्रकांता मॅडम शाळेतल्या साऱ्या बाईमंडळींना घेऊन आल्या. समाजमंदिर भरलं, ओटा भरला, शेवटी सतरंज्या उचलून चिंचेखाली न्याव्या लागल्या. डॉक्टर रिता दारात उभ्या, तोंडावर हात. भंडाऱ्याहून त्यांनी बोलावलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "एवढ्या?"

माईक बंद पडला. कोणाला काही फरक पडला नाही. गुलाबबाई ओट्यावर चढली. "ऐका! पहिली गोष्ट, हा रोग नाई! दुसरी, एकीचं औषध दुसरीनं घ्याचं नाई! मी वाटलं होतं, विचारा कुंताबाईले काय झालं! कुंताबाई, उभी राह्य वं!" कुंताबाई उभी राहिली आणि तिने आपली गोष्ट सांगितली, गाठीसकट, भीतीसकट, कोणताही शब्द न गिळता. नंतर डॉक्टर रितांनी सांगितलं, काय खावं, तेल कसं लावावं, शतावरी कोणाला चालते आणि कोणाला नाही, आणि कोणत्या लक्षणाला त्यांच्याकडे न येता थेट तपासणीला जायचं. मनाली एका म्हातारीचे पाय मांडीवर घेऊन काशाची वाटी फिरवून दाखवत होती, आणि भोवती इतक्या बायका वाकलेल्या की ती दिसतच नव्हती.

दुपारी गुलाबबाईने वर बघितलं तर चिंचेच्या पलीकडे टेकचंद उभा. गणवेशात नाही, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात. त्याच्या मागे पदर तोंडाशी धरलेली त्याची बायको शकुनबाई.

"टेकचंदभाऊ? तुमी?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, ही वर्सभरापासून झोपत नाई. चिडते, रडते. मी म्हणे, हिचं डोकं फिरलं. दोनदा तं मी हिले माहेरी धाडून देली." मग त्याने मान वर केली. "त्या दिवशी नहरावर पार्वताबाई बोलली, तेव्हाच मले समजलं होतं. पण सांगाले तोंड नव्हतं. हिले आतमंदी घेऊन जा ना."

गुलाबबाईने शकुनबाईचा हात धरला. "चाल वं बाई. इथं सगळ्या आपल्यासारख्याच हायेत." शकुनबाईने पदर सोडला, गर्दी बघितली, आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "या सगळ्या?"

"सगळ्या!"

टेकचंद तिथेच थांबला. थोड्या वेळाने बायकांना घेऊन आलेले आणखी काही नवरे त्याच्याजवळ सरकले आणि दबक्या आवाजात विचारू लागले, आपण काय करायचं असते बा यात? टेकचंदने घसा साफ केला. "पहिले तं चिडाचं नाई," तो म्हणाला, "अन् तेल लावाले सांगितलं तं लावून द्याचं."

संध्याकाळी सतरंज्या झटकताना एक अनोळखी बाई गुलाबबाईजवळ आली. अड्याळहून आली होती, दोन गाड्या बदलून. "बाई, आमच्या अड्याळले कधी येता? आमच्याकडे बी लय बाया हायेत, पण बोलत नाई कोणी."

गुलाबबाईचे पाय दुखत होते, घसा बसला होता, मानेवर पुन्हा ऊब चढायला लागली होती. तिने पदराने वारा घेतला, डॉक्टर रितांकडे बघितलं. डॉक्टर थकून ओट्यावर बसल्या होत्या, पण हसत होत्या.

"पुढच्या सुटीले," गुलाबबाई म्हणाली. "पण मैदान मोठं पाहून ठेवजा हं! समाजमंदिर नाई पुरत."